रिमोट आणि भिंत

गेल्या वर्षी आमच्या गारखेड्यातल्या घरात रंगकाम निघाले आणि त्याबरोबर बैठकीच्या खोलीतले फर्निचरही नवे करायचे ठरले. हल्लीच्या रिवाजाप्रमाणे टीव्हीच्या मागे भिंतभर प्लायवूडचे पॅनेल, खाली दारांची कपाटे, आणि त्या कपाटांत सेट टॉप बॉक्स, ॲम्प्लिफायर, डीव्हीडी प्लेअर, वायरींचा गुंता असे सगळे दृष्टीआड. मोजमापे घ्यायला आलेल्या सुतारांनी माझ्या मुलाचे सारे बेत शांतपणे ऐकून घेतले, पेन्सिल कानावर ठेवली आणि मला विचारले, "ताई, दारं लावल्यावर रिमोट कसा चालणार?"

मुलगा म्हणाला, "एकच रिमोट घेऊ, सगळ्याला चालणारा."

"एक घ्या नाहीतर चार घ्या," सुतार म्हणाले, "दार तर दारच राहणार ना."

मुद्दा बिनतोड होता. मोबाइल तीन भिंतींआड वाजतो, वायफाय वरच्या मजल्यावर पोचते, आणि रिमोटला मात्र पाऊण इंची प्लायवूड आडवे येते. असे का, हे मला नीट सांगता येईना. त्या न आलेल्या उत्तराच्या मागे लागून मी वर्षभर जे वाचले, पाहिले, विचारले, त्यातून हा लेख झाला. या शोधात कलकत्ता आले, शिकागो आले, आणि शेवटी आमच्याच शहरापासून १४ किलोमीटरवरचे चितेगाव आले.

सुरुवात मात्र घरातून करते, कारण रिमोटच्या आधी आमच्या घरी टीव्हीवर हुकूम चालायचा तो किल्लीचा. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले खरे, पण मराठवाड्यातल्या मध्यमवर्गीय घरांत टीव्ही शिरला तो ऐंशीच्या दशकात. १९८२च्या दिल्लीतल्या एशियाडने देशाला रंगीत चित्र दिले, १९८४ साली तर काही महिने देशात जवळजवळ रोज एक छोटे प्रक्षेपण केंद्र सुरू होत होते. आमच्या सिडको एन-७ मधल्या घरात आलेला संच कृष्णधवल होता. लाकडी पेटी, चार पाय, आणि पुढे दोन्ही बाजूंना सरकणारे लाकडी पट्ट्यांचे शटर. शटरला कुलूप असे आणि किल्ली वडिलांच्या सदऱ्याच्या खिशात. परीक्षा आली की वडील ऑफिसला जाताना टीव्हीचे डोळे मिटून जात. आवाज वाढवायचा झाला तर घरातल्या सर्वांत धाकट्याने उठायचे. धाकटी मीच होते, त्यामुळे आमच्या घरातला पहिला रिमोट म्हणजे मी.

तेव्हा टीव्ही दिवसभर लपलेलाच असे, पण ते लपवणे सोपे होते. पाहायच्या वेळी शटर उघडायचे. आताच्या घरांत उलटे झाले आहे. पडदा कायम उघडा, आणि त्याला चित्र व आवाज पुरवणारी यंत्रे मात्र चालू असतानाही बंद दाराआड. कुलूप उघडायचे नाही आणि आतल्यांनी मात्र हुकूम ऐकायचा. ही मागणीच मुळात विचित्र आहे, आणि रिमोट ज्या कारणासाठी आज आहे तसा घडला, त्या कारणाच्या थेट विरुद्ध जाणारी आहे.

भिंतीपलीकडे हुकूम पाठवण्याची करामत माणसाला टीव्हीच्या कितीतरी आधी साधली होती. १८९५च्या सुमारास कलकत्त्यात जगदीशचंद्र बसूंनी जाहीर प्रयोगात डोळ्यांना न दिसणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरी भिंतींपलीकडे पाठवून दूरची घंटा वाजवली आणि बंदुकीच्या दारूचा बार उडवला. मध्ये तार नाही, काही नाही. तीनच वर्षांनी, १८९८ साली, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लाने पाण्याच्या हौदात एक लहानशी बोट सोडली आणि लांब उभे राहून ती चालवली, वळवली, तिचे दिवे लावले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याला त्याचे पेटंट मिळाले. म्हणजे आमच्या सुतारांचा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच सुटलेला होता. बसूंना प्लायवूडची काय मातब्बरी!

मग घरातला रिमोट हा रस्ता सोडून दुसरीकडे का वळला? याचे उत्तर शिकागोच्या झेनिथ कंपनीत सापडते. या कंपनीचे प्रमुख यूजीन मॅकडोनल्ड यांना टीव्हीवरच्या जाहिरातींचा मनस्वी तिटकारा होता. बसल्या जागेवरून त्यांचा आवाज बंद करता यावा, अशी त्यांची इच्छा. १९५० साली त्यांच्या कंपनीने 'लेझी बोन्स', म्हणजे आळशी हाडे, या नावाचा रिमोट काढला. तो तारेने टीव्हीला जोडलेला असे आणि खोलीतून जाणारी माणसे त्या तारेत अडखळत. १९५५ साली तिथलेच अभियंता यूजीन पॉली यांनी 'फ्लॅशमॅटिक' तयार केला. हा विजेरीसारखा होता. पडद्याच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे चार डोळे बसवलेले, आणि ज्या कोपऱ्यावर झोत टाकाल ते काम होई. अडचण एकच होती. खिडकीतून ऊन आत आले की तेही एखाद्या कोपऱ्यावर पडे आणि टीव्ही स्वतःच्या मर्जीने वागू लागे.

आता रेडिओ लहरी वापराव्यात, हा विचार झेनिथच्या तंत्रज्ञांना सुचला नव्हता असे नाही. तो त्यांनी केला आणि सोडून दिला. रेडिओ लहर भिंत जाणत नाही. एकाच इमारतीत लागून राहणाऱ्या दोन कुटुंबांकडे एकाच कंपनीचा टीव्ही असेल तर एकाने बटण दाबायचे आणि दुसऱ्याचे चॅनेल बदलायचे. तेव्हा रॉबर्ट ॲडलर या व्हिएन्नात शिकलेल्या भौतिकशास्त्रज्ञाने आवाजाचा मार्ग धरला. १९५६च्या 'स्पेस कमांड' रिमोटमध्ये ॲल्युमिनियमच्या चार लहान कांड्या होत्या. बटण दाबले की आतली हातोडी कांडीवर आपटे आणि माणसाच्या कानाला ऐकू न येणारा उंच स्वर निघे. प्रत्येक कांडीची लांबी किंचित वेगळी, म्हणून स्वर वेगळा, म्हणून काम वेगळे. सेलची गरज नाही. हा स्वर भिंतीशी थांबत असे आणि तेच हवे होते. (नाणी किंवा किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी कधीकधी चॅनेल बदलायचे, पण ते निदान आपल्याच घरातले.) भिंतीपाशी थांबणे ही रिमोटला मुद्दाम घातलेली अट होती. त्या अटीने शेजाऱ्याचे घर सुरक्षित राखले आणि साठाहून अधिक वर्षांनंतर आमच्या सुतारांना कोड्यात टाकले.

१९८०च्या सुमारास आवाजाची जागा अवरक्त किरणांनी घेतली. तांबड्या रंगाच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा हा प्रकाश आहे. रिमोटच्या टोकाला असलेल्या बारीक दिव्याकडे मोबाइलचा कॅमेरा धरून बटण दाबा. बहुतेक कॅमेऱ्यांत फिकट जांभळी लुकलुक दिसते. हा प्रकाश भिंतीतून, लाकडातून, जाड पडद्यातून जात नाही. गंमत अशी की रिमोटच्या तोंडावर असते तसले, आपल्याला काळेकुट्ट दिसणारे प्लास्टिक त्याला काचेसारखे असते. पण सूर्य, दिवे, शेगडी, आपले शरीरसुद्धा अवरक्त किरण सोडत असते. त्या गर्दीत रिमोटचा शब्द ओळखायचा कसा? फ्लॅशमॅटिकला ऊन आणि विजेरी यांतला फरक कळत नव्हता, ती चूक इथे सुधारली. रिमोटचा दिवा सेकंदाला सुमारे ३६ ते ४० हजार वेळा लुकलुकतो, आणि टीव्हीचा डोळा तेवढीच लय ऐकतो. बाकी सारे प्रकाश त्याच्या लेखी गोंगाट.

या लयीवर स्वार होऊन जातो तो निरोप, आणि इथून एकाच रिमोटची खरी कथा सुरू होते. फिलिप्स कंपनीने ऐंशीच्या दशकात ठरवलेल्या आरसी-५ या लिपीत प्रत्येक निरोप १४ अंकांचा असतो. त्यातले पाच अंक पत्त्याचे आणि सहा हुकमाचे. पाच अंकांत ३२ पत्ते बसतात: शून्य म्हणजे टीव्ही, ५ म्हणजे व्हीसीआर, २० म्हणजे सीडी प्लेअर. म्हणजे घरातल्या सगळ्या यंत्रांना एकाच हातातून हाक मारता येईल, अशी सोय लिपीतच होती. पण ती फिलिप्सची लिपी. जपानच्या एनईसीची वेगळी. तिच्यात पत्ता आणि हुकूम प्रत्येकी दोनदा सांगतात, एकदा सुलट आणि एकदा उलट, म्हणजे ऐकणाऱ्याने ताळा करून घ्यावा. सोनीची आणखी वेगळी. टीव्ही एका कंपनीचा, ॲम्प्लिफायर दुसऱ्याचा, डबा तिसऱ्याचा, म्हणजे एका कपाटात तीन भाषा बोलणारे तिघे. तुम्ही एकाशी बोललात तर दुसरा ढिम्म हलत नाही. टेबलावर रिमोटची रांग लागते ती यामुळे.

एका कंपनीच्या सगळ्या संचांची भाषा मात्र एकच. त्याचा अनुभव आम्हाला सिडकोत आला. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या गल्लीत रंगीत टीव्ही येऊ लागले, आणि त्यांतले बरेच एकाच कंपनीचे होते. लागून असलेल्या भिंतीतून रिमोट जात नसे, पण उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असत. आमच्या व्हरांड्यातून समोरच्या काकूंच्या बैठकीतला टीव्ही सरळ रेषेत येई. ऐन रंगात आलेली मालिका बदलून आम्ही खाली वाकून बसत असू. काकू उठून टीव्हीला एक थापटी मारत. भिंत जिथे संपते तिथे झेनिथच्या तंत्रज्ञांची भीती खरी ठरते, हे मला आज कळते.

ती कंपनी म्हणजे अर्थात व्हिडिओकॉन. तिच्या नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता मला फार आवडतो: १४ किलोमीटरचा दगड, औरंगाबाद-पैठण रस्ता, चितेगाव. मैलाच्या दगडावरून सांगितलेला हा पत्ता देशभरच्या शेअरधारकांच्या कागदांवर छापला जात असे. गंगापूरच्या साखर कारखान्याच्या उभारणीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या नंदलाल धूत यांच्या कुटुंबाने ऐंशीच्या दशकात जपानच्या तोशिबाशी तांत्रिक सहकार्य करून रंगीत टीव्ही बनवायला घेतले. मोसंबी आणि कापसाच्या पट्ट्यात, पैठण्या विणल्या जाणाऱ्या गावाच्या वाटेवर, टीव्हीचा कारखाना उभा राहिला. गेल्या पावसाळ्यात मी मुद्दाम त्या रस्त्याने गेले. तो दगड मला सापडला नाही. रस्त्याचे रूपच आता बदलले आहे.

रिमोट घरोघर गेला तो या काळात, आणि त्याचे श्रेय जितके कारखान्याला तितकेच केबलवाल्याला. एकच चॅनेल असताना रिमोट हे चोचले होते. १९९१च्या आखाती युद्धाने उपग्रह वाहिन्यांची चटक लावली, १९९२च्या ऑक्टोबरात झी टीव्ही आला, गच्च्यांवर छत्र्या उगवल्या आणि गल्लीत केबल फिरली. पंधरा-वीस चॅनेलांसाठी दर वेळी उठणे शक्य नव्हते. वडिलांच्या खिशातल्या किल्लीची सत्ता याच सुमारास संपली. तिची जागा रिमोटने घेतली आणि तो ज्याच्या हातात तो घरचा धनी झाला. आमच्याकडे तो बराच काळ भावाच्या हातात होता, हे नोंदवून ठेवते.

दुसरा रिमोट आला तो चौकोनी डब्याबरोबर. २००३ साली डिश टीव्ही, २००६ साली टाटा स्काय, २००९ साली धूत समूहाचीच व्हिडिओकॉन डी२एच. पुढे केबलचे डिजिटलीकरण सक्तीचे झाले. देशातल्या ३८ शहरांसाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत होती आणि त्यांत आमचे शहर होते. डबा नसेल तर केबलही नाही. एका रात्रीत घरोघरी टेबलावर दोन रिमोट झाले. टीव्ही चालू करायला एक, चॅनेल बदलायला दुसरा, आवाजासाठी यातला कोणता यावर वाद. परदेशातल्या पुस्तकांत अनेक रिमोटचा प्रश्न हा होम थिएटर बाळगणाऱ्या हौशी श्रीमंतांचा प्रश्न म्हणून येतो. आपल्याकडे तो सरकारी मुदतीने सामान्य घरांत आणून सोडला, ही गोष्ट कुठे लिहिलेली मला आढळली नाही.

या प्रश्नाला दोन उत्तरे चितेगावच्या समूहाने दिली आणि माझ्या मते ती आज विसरली गेली आहेत. पहिले, टीव्हीच्या पोटातच डीटीएचचा रिसीव्हर बसवलेले 'सॅटेलाइट' टीव्ही. वेगळा डबा नाही, लपवायची भानगड नाही, रिमोट एक. कल्पना सरळ होती, पण तिच्यात एक पेच होता. डबा परवडत नाही म्हणून बदलता येतो. टीव्हीच्या पोटातला डबा कसा बदलणार? दुसऱ्या कंपनीची सेवा घ्यायची म्हटले की पुन्हा बाहेर नवा डबा, पुन्हा दुसरा रिमोट. टीव्ही दहा-बारा वर्षे टिकतो आणि माणसाचे सेवा देणाऱ्या कंपनीशी तेवढे दिवस पटेल याची खात्री नाही. दुसरे उत्तर अधिक धाडसाचे होते. अवरक्त सोडून रेडिओ लहरींवर चालणारा रिमोट असलेला एचडी डबा. तो कपाटात ठेवा, नाहीतर शेजारच्या खोलीत बसून चालवा. झेनिथने ज्या भीतीने रेडिओला दूर ठेवले ती भीती आता उरली नव्हती, कारण हा रिमोट आणि त्याचा डबा यांची आधीच एकमेकांशी ओळख करून दिलेली असते. भिंतीने करायचे काम सांकेतिक क्रमांक करतो.

डी२एच २०१५ साली अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात नोंदली गेली. मार्च २०१८ मध्ये ती डिश टीव्हीत विलीन झाली, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये कर्जात बुडालेल्या व्हिडिओकॉन इंडस्ट्रीजची दिवाळखोरीची प्रक्रिया राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात सुरू झाली. कर्जांचे काय झाले यावर पुष्कळ लिहून आले आहे; पैठण रस्त्यावरच्या गावांतल्या किती घरांची चूल त्या पगारावर पेटत होती, यावर फार थोडे. माझ्या विषयापुरते सांगायचे तर संच मागे राहिले आणि त्यांचा धनी गेला. पैठण गेटजवळच्या ज्या दुकानात मी चौकशीला जात असे, तिथे छताला प्लास्टिकच्या पिशव्यांतून शेकडो रिमोट टांगलेले आहेत. जुन्या टीव्हीचा रिमोट मागितला की दुकानदार आकडीने नेमका तो खाली ओढतात. कंपनी बंद झाली तरी तिची भाषा बंद झालेली नाही, असे त्यांचे म्हणणे. दिल्लीहून येणाऱ्या स्वस्त युनिव्हर्सल रिमोटच्या कागदावर सांकेतिक क्रमांकांच्या यादीत ते नाव अजून छापून येते.

या युनिव्हर्सल रिमोटची जन्मकथाही वाचण्यासारखी आहे. ॲपलचा एक संस्थापक स्टीव्ह वोझनियाक ॲपलमधून बाहेर पडला आणि त्याने नवी कंपनी काढून १९८७ साली 'कोअर' नावाचा रिमोट आणला. संगणकाची दुनिया घडवलेल्या माणसाला टेबलावरचे रिमोट एकत्र करणे हे पुढचे मोठे काम वाटले, यातच सगळे आले. कोअर इतर रिमोटची लुकलुक ऐकून पाठ करी आणि पोपटासारखी परत म्हणून दाखवी. एका बटणात अनेक हुकमांची मालिकाही भरता येई. तो फारसा चालला नाही, पण त्याने दाखवलेली वाट टिकली. लॉजिटेकच्या 'हार्मनी' रिमोटने ती सर्वांत पुढे नेली. त्यावर टीव्ही, ॲम्प्लिफायर असे न लिहिता 'सिनेमा पाहणे', 'गाणी ऐकणे' असे लिहिलेले असे, आणि एका दाबात सगळी यंत्रे आपापल्या जागी हजर होत.

होत, म्हणजे होणे अपेक्षित असे. अवरक्त रिमोट बोलतो, पण ऐकत नाही. आपण पाठवलेला शब्द पोचला की नाही, हे त्याला कधी कळत नाही. चालू आणि बंद यांना एकच बटण असेल तर घोळ वाढतो. कोणीतरी आधीच हाताने ॲम्प्लिफायर चालू केला असेल, तर 'सिनेमा पाहणे' दाबल्यावर टीव्ही चालू होतो आणि ॲम्प्लिफायर बंद. यंत्रे समोर असतील तर त्यांचे दिवे बघून कळते की कोण जागे आहे आणि कोण झोपलेले. ती कपाटात असली की अंधारात तीर मारायचा. यंत्रे लपवणे आणि एका रिमोटवर आणणे या दोन हौशी एकमेकींच्या वाईटावर असतात, त्या इथे. हार्मनीवर मदतीचे एक बटण होते. ते दाबले की रिमोट तुम्हालाच विचारी, टीव्ही चालू झाला का? २०२१च्या एप्रिलमध्ये लॉजिटेकने हार्मनी बनवणे थांबवले.

यावरचा शहाणा उपाय एचडीएमआय तारेत आहे. २००२च्या अखेरीस ठरलेल्या या जोडणीत १९ टाचण्या असतात. त्यांतली तेरावी यंत्रांनी आपापसांत बोलण्यासाठी राखून ठेवली आहे. टीव्हीचा पत्ता इथेही शून्यच. टीव्ही बंद केला की तो तारेवरून ॲम्प्लिफायरला सांगतो आणि ॲम्प्लिफायर उत्तर देतो. प्लायवूड असो की वीट, तार मागून जाते. सॅमसंग याला 'ॲनीनेट प्लस' म्हणते, सोनी 'ब्राव्हिया सिंक', एलजी 'सिंपलिंक'. पुन्हा प्रत्येकाचे नाव वेगळे, जणू भाषा एक झाल्याचा कमीपणा वाटतो. आमचा अडथळा वेगळाच निघाला. आमचा सेट टॉप बॉक्स त्या तेराव्या टाचणीवर बोलतच नाही.

तेव्हा उरला तो अवरक्त पुढे पोचवणारा 'डोळा'. मसुराएवढा एक ग्राहक टीव्हीच्या कडेला चिकटवायचा. तिथून बारीक तार कपाटात न्यायची आणि तिच्या टोकाचे बारके दिवे प्रत्येक यंत्राच्या डोळ्यावर चिकटवायचे. रिमोट बाहेरच्या डोळ्याशी बोलतो, आतले दिवे तेच शब्द यंत्रांसमोर पुन्हा म्हणतात. हे जोडताना मला आमच्या शहराच्या नहरींची आठवण झाली. मलिक अंबरने सतराव्या शतकात आणलेले पाणी असो की पुढच्या शतकातल्या पाणचक्कीचे, डोंगराकडून खापराच्या नळांतून जमिनीखालून येणाऱ्या पाण्यासाठी मध्ये मध्ये उंच मनोरे बांधावे लागले. दाब सांभाळायला, कोंडलेली हवा सोडायला. जमिनीखाली लपवलेल्या नहरीचा शहरभर दिसणारा भाग तेवढाच. कपाटालाही तेच लागू होते. ॲम्प्लिफायर तापतो, त्यालाही हवा लागते. सुतारांनी मागच्या बाजूला जाळी ठेवली होती, मी न सांगता.

डोळा बसवून आठ दिवस झाले नसतील, तो मुलाने आणखी पुढची सोय केली. एक छोटी डबी आणली. ती वायफायवरून फोनचे ऐकते आणि कपाटातल्या यंत्रांना अवरक्तात सांगते. आता रिमोट नकोच, सगळे फोनवर. त्याने ते मोठ्या हौसेने मला शिकवले, तिन्ही रिमोट सेल काढून खणात ठेवले आणि रविवारी रात्री तो पुण्याला नोकरीवर परतला. डबी त्याच्या खात्याशी जोडलेली होती. मी माझ्या फोनवर ते चालवून पाहिले. पासवर्ड मागू लागले. सोमवारी दुपारी मी कामासाठी बाहेर होते आणि घरात आई एकटी.

आई ८२ वर्षांची आहे. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. ती रिमोटकडे बघत नाही. पाचच्या बटणावर जो बारीक उंचवटा असतो, त्यावर अंगठा टेकवते आणि तिथून मोजत जाते. दुपारची मालिका, संध्याकाळचे कीर्तन, रात्रीच्या बातम्या, सगळे त्या उंचवट्यावरून. मी संध्याकाळी परत आले तेव्हा ती काळ्या पडद्यासमोर दिवाणावर बसून होती. मला म्हणाली, "काय गं, तो किल्ली घेऊन गेला का?"

वडील जाऊन एकोणीस वर्षे झाली. ते शटर, ते कुलूप घरात कोणाला आठवत असेल असे मला वाटले नव्हते.

मी सुतारांना फोन केला. ते दुसऱ्या दिवशी आले, मधल्या कपाटाच्या दाराचे प्लायवूड चौकटीतून कापून काढले आणि तिथे वेताची विरळ जाळी बसवली. मी आईच्या जुन्या रिमोटमध्ये नवे सेल घातले. ती दिवाणावरून, किंचित तिरक्या कोनातून, न बघता बटण दाबू लागली. पहिल्यांदा लागले नाही. सुतारांनी जाळीच्या मागचा डबा चार बोटे डावीकडे सरकवला.

"ताई, पण आता आतलं थोडं दिसणार," ते म्हणाले.

आईचे कीर्तन तोवर सुरू झाले होते.